गार गाडीत न सापडलेली गळती

"काका, टर्बो गेलाय. बदलायचे किती घ्याल?"

पुण्यात वडगाव बुद्रुकच्या माझ्या गॅरेजमध्ये गाडी आत घेण्याआधीच तिच्या मालकाने हे विचारलं. वय सत्तावीस, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीला. गाडी २०१२ ची फियाट लिनिया टी-जेट. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. ही गाडी दारात आली की मला आपुलकी वाटते. १३६८ सीसीचं पेट्रोल इंजिन, त्यावर टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), मूळ ताकद ११४ पीएस आणि टॉर्क २०७ न्यूटन-मीटर. नीट सांभाळलेलं असेल तर हे इंजिन आजही मनापासून ओढतं.

त्याची गाडी मात्र मूळ अवस्थेत नव्हती. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, रीमॅप करून सेटिंग बदललेलं, बंपरमागे टर्बोची गरम हवा गार करणारा मोठा इंटरकूलर, रबरी पाइपांच्या जागी निळे सिलिकॉन होज, मूळ एअर बॉक्स काढून शंकूचा फिल्टर आणि अॅक्सिलरेटर सोडला की टर्बोची साठलेली हवा बाहेर सोडणारा, आवाज करणारा डंप व्हॉल्व्ह. डाव्या... नव्हे, उजव्या बाजूच्या खांबावर, चालकाच्या नजरेसमोर, बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाचा, एक गोल मीटर. तो मीटर मी पहिल्याच दिवशी पाहिला आणि त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. पुढे जे लांबलं ते तिथून लांबलं.

टर्बो गेल्याचं निदान दुसऱ्या एका गॅरेजमध्ये झालं होतं. चेक लाइट लागली, स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड आला, आणि त्यावर नवा टर्बो व मजुरी धरून ₹७०,००० चा आकडा सांगितला गेला. हा कोड एवढंच सांगतो की ईसीयूने जितका दाब मागितला तितका आला नाही. का आला नाही, हे त्यात नसतं. फाटलेला पाइप, अडकलेला वेस्टगेट (टर्बोचा वेग आवरणारी झडप), बिघडलेला सोलेनॉइड (तिला चालवणारा विजेचा छोटा व्हॉल्व्ह), एक्झॉस्टमधला तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), झिजलेला टर्बो, या सगळ्यांना तोच एक कोड येऊ शकतो. कोड वाचून टर्बो मागवणं म्हणजे ताप आहे म्हणून थेट ऑपरेशनला घेण्यासारखं आहे.

कुठलीही टर्बो गाडी आली की मी आधी विचारपूस करतो. कधीपासून, कुठे, इंजिन गार असताना की गरम झाल्यावर, आणि त्याआधी गाडीला शेवटचा हात कोणी लावला? तो म्हणाला, दीडेक महिन्यापासून. सकाळी ऑफिसला जाताना गाडी छान पळते. संध्याकाळी हिंजवडीच्या कोंडीतून सुटून बायपासला लागलं, बावधनहून चांदणी चौकाचा चढ आला की तिसऱ्या गिअरमध्ये एक झटका देते आणि मग नुसता आवाज करते, ओढत नाही. गाडी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ बरी. शेवटचा हात कोणी लावला, यावर उत्तर होतं, "कोणी नाही, काका. चार महिन्यांत काहीच केलं नाही."

सकाळी ठीक, संध्याकाळी नाही. सगळं उत्तर या वाक्यात होतं, पण मी त्याचा अर्थ वेगळा लावला. मला वाटलं, कोंडीत इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा गरम होते, आणि इंजिन वाचवायला ईसीयू स्वतःच दाब कमी करतो. असं खरंच होतं, त्यामुळे हा विचार अगदीच चुकीचा नव्हता.

पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे प्रेशर टेस्ट केली. ती कशी करतो ते नीट सांगतो, कारण ती चुकीची केली तर नसलेली गळती दिसते आणि असलेली लपते. फिल्टर काढून टर्बोच्या तोंडाच्या पाइपात हार्डवेअरच्या दुकानातलं पीव्हीसी बूच बसवायचं. त्या बुचाला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावलेला असतो. रेग्युलेटरमधून हळूहळू हवा भरायची. क्रँककेसचा ब्रीदर पाइप आधी चिमट्याने बंद करायचा, नाहीतर दाब थेट इंजिनच्या पोटात जातो आणि ऑइल सीलवर बेतू शकतं. बुचासमोर उभं राहायचं नाही, कारण ते सुटलं तर गोळीसारखं येतं. मग साबणाचं पाणी आणि कान. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हांतून सिलिंडरमार्गे एक्झॉस्टला जातेच. ती गळती नव्हे, हे नवीन पोरांना आवर्जून सांगावं लागतं.

०.८ बारला इंटरकूलरच्या खालच्या होजला बुडबुडे आले. सिलिकॉन होजवर साधी जुबली क्लिप आवळली होती आणि तिच्या खाचांतून होज चिरत चालला होता. तो भाग कापून होज पुन्हा बसवला, रुंद पट्ट्याची टी-बोल्ट क्लिप लावली. टेस्ट परत केली, दाब टिकला. गाडी धायरीपर्यंत फिरवून आणली, मस्त ओढली. त्याला फोन केला, "घेऊन जा, टर्बो ठणठणीत आहे."

तिसऱ्या दिवशी तो परत आला. तोच चढ, तोच झटका, तोच कोड.

चूक माझी होती. मी गार गाडी तपासली होती, गार गाडी दुरुस्त केली होती आणि गार गाडीच फिरवून पाहिली होती. तक्रार गरम गाडीची होती. खालच्या होजची गळती खरी होती, ती बुजवणं गरजेचं होतं, पण मालक ज्यासाठी आला होता ती ही नव्हती. एक दोष सापडला की मन तिथेच थांबतं. तीस वर्षं हे काम करूनही मी त्या दिवशी थांबलो.

दुसऱ्या फेरीत आधी लॅपटॉप. चावी ऑन, इंजिन बंद, मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांतला, दाब ९४६ मिलिबार. इथे अनेकजण गोंधळतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणून इथे हवेचा दाब मुंबईसारखा हजाराच्या वर नसतो, ९५० च्या आत-बाहेर असतो. म्हणजे सेन्सर खरं सांगतोय. हा आकडा आधी लिहून ठेवायचा, कारण ईसीयू दाब निर्वातापासून मोजतो आणि खांबावरचा मीटर बाहेरच्या हवेपासून. १९०० मिलिबार मागितले असतील तर पुण्यात मीटरवर साधारण ०.९५ बार दिसायला हवेत.

तपासणीसाठी मी नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंतचा चढ वापरतो. लांब, सलग चढ असल्याने वेग फार न वाढवता इंजिनवर भार देता येतो. पहाटे साडेपाचला, शेजारी लॅपटॉप घेतलेला माणूस आणि स्टिअरिंगवर मी. परत येताना तोच उतार नको, तिथे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन किती जीव गेले हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. बोगद्यापलीकडून शिंदेवाडीमार्गे जुन्या घाटाने खाली यायचं.

या वेळी आधी चाळीस मिनिटं गाडी चालवून, मध्येच उभी ठेवून, पूर्ण तापवली. मग चढाला लागून तिसरा गिअर, २००० आरपीएमपासून ३५०० पर्यंत पूर्ण अॅक्सिलरेटर. तीन गोष्टी एकत्र नोंदल्या: ईसीयूने मागितलेला दाब, प्रत्यक्ष आलेला दाब, आणि वेस्टगेटच्या सोलेनॉइडला दिलेली ड्यूटी, म्हणजे तो किती टक्के वेळ चालू ठेवला ते.

या तीन रेषा एकाखाली एक ठेवल्या की बरीच उत्तरं तिथेच मिळतात. टर्बोतून निघालेला दाब एका नळीने वेस्टगेटच्या डब्याला जातो, आणि डब्याचा रॉड गेट उघडून एक्झॉस्टचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडतो. सोलेनॉइड त्या नळीतला दाब थोडा गळू देतो, म्हणून गेट उशिरा उघडतो आणि बूस्ट वाढतो. सोलेनॉइड मेला तर पूर्ण दाब डब्याला मिळतो, गेट स्प्रिंगच्या जोराएवढ्या दाबालाच उघडतो, आणि बूस्ट कमी पण अगदी स्थिर राहतो, गार असो वा गरम. पाइपात मोठी गळती असेल तर दाब आळसावत, उशिरा चढतो. मागितलेला दाबच कमी असेल आणि ड्यूटीही कमी, तर ईसीयू स्वतः हात आखडतोय, मग कारण तापमान, नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) किंवा सेफ मोडमध्ये शोधायचं.

आमच्या नोंदीत यातलं काहीच नव्हतं. मागणी १९०० वर ठाम होती, म्हणजे ईसीयू आखडत नव्हता. आत येणाऱ्या हवेचं तापमान ४३ अंश, म्हणजे माझी उष्णतेची पहिली अटकळ गेली. प्रत्यक्ष दाब वेळेवर चढला, १८८० ला टेकला, आणि मग दीड-दोन सेकंदांत १५३० वर घसरला. ड्यूटी त्याच क्षणी वर जाऊन ९५ टक्क्यांना भिडली. ईसीयू जीव तोडून मागत होता. टर्बो दाब तयार करत होता. तो मध्येच कुठेतरी निसटत होता, आणि तोही चढल्यानंतर.

ही स्थिती टर्बोला महागात पडते. हवा गळत असताना ईसीयू गेट बंद ठेवून टर्बोला अजून जोरात फिरवतो. तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे फिरतो, हवा जास्त तापवतो, आणि काही महिन्यांत "टर्बो गेलाय" हे निदान खरं ठरतं. अशी गाडी "ओढत नाही तर नाही" म्हणत चालवत राहू नये.

दाब चढून मग पडतो याची माझ्या डोक्यात तीन कारणं होती. वाढलेल्या दाबाला उघडणारी होजची चीर, एक्झॉस्टच्या रेट्याने ढकलला जाणारा वेस्टगेट, किंवा भाराखाली उघडणारा डंप व्हॉल्व्ह. वेस्टगेटच्या डब्याला हातपंपाने दाब दिला, रॉड नीट सरकला, दाब धरून राहिला, गेट सीटवर घट्ट बसला. सोलेनॉइड टिकटिकत होता, शंका नको म्हणून दुसरा लावून पाहिला, फरक नाही. टर्बोच्या शाफ्टला पुढेमागे खेळ नाही, पाती शाबूत. कॅट तुंबलेला नव्हता. राहिले होज आणि डंप व्हॉल्व्ह.

उत्तर मिळालं ते शेजारी बसलेल्या पोराच्या एका वाक्याने. नोंदी पाहताना तो म्हणाला, "उस्ताद, दाब पडला तेव्हा खांबावरचा मीटर ०.४ दाखवत होता. लॅपटॉपच्या हिशेबाने ०.५८ हवा होता ना?"

१५३० वजा ९४६ म्हणजे ५८४ मिलिबार. मीटरने ०.४ दाखवायला नको होतं. आम्ही गार गाडीत तुलना केली, तेव्हा मीटर आणि लॅपटॉप अगदी जुळले. म्हणजे मीटर वाईट नव्हता. गरम झाल्यावर मीटरपर्यंत जाणाऱ्या नळीतला दाब वाटेत कमी होत होता.

मालकाला फोन केला. "मीटर कधी लावलास?"

"दोनेक महिने झाले असतील. पण मीटर तर फक्त दाखवतो ना, काका."

त्याच्या दृष्टीने तो बदल नव्हताच, म्हणून त्याने सांगितला नाही. त्याला दोष देता येणार नाही. विचारायचं काम माझं होतं. आता मी "काय बदललं" असं विचारत नाही, "कुठली नळी, वायर किंवा स्क्रू कोणी सोडवला, शोभेच्या वस्तूसाठीसुद्धा" असं विचारतो.

गाडी पुन्हा तापवली आणि आल्या आल्या, इंजिन धगधगत असतानाच बूच बसवून ०.८ बार दिले. या टेस्टमध्येही एक खाचखळगा आहे. डंप व्हॉल्व्हला खालून थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) आधीचा दाब ढकलतो, वरून मॅनिफोल्डचा दाब आणि स्प्रिंग दाबून ठेवतात. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये दाब उशिरा पोचतो, त्यामुळे चांगला व्हॉल्व्हही सुरुवातीला फुसफुसू शकतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल विश्रांतीच्या स्थितीत किंचित उघडा असतो, म्हणून थोडं थांबलं की दोन्हीकडे दाब सारखा होतो. मग ऐकायचं. आम्ही थांबलो. फुसफुस थांबली नाही.

रबरी नळीचं एक टोक कानाला लावून शोधत गेलो. डंप व्हॉल्व्हच्या तोंडातून हवा येत होती, आणि फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी), एक्झॉस्टच्या उष्णतेच्या टप्प्यात, अजून एक बारीक शिटी. तिथे हात घातला तर बोटांना मऊ झालेलं प्लास्टिक लागलं. मीटरसाठी दाब घ्यायला लावणाऱ्याने मॅनिफोल्डपासून डंप व्हॉल्व्हला जाणारी नळीच कापून तिथे माशांच्या टाकीला वापरतात तो प्लास्टिकचा टी-जॉइंट आणि तसलीच पारदर्शक पीव्हीसी नळी घातली होती. पकड म्हणून झिप टाय. नळी पिवळी पडलेली. गार असताना ती कडक होऊन टीवर घट्ट बसायची, गरम झाली की सैल.

आता सगळं जुळलं. गरम झाल्यावर टीपाशी गळती व्हायची. मीटर कमी दाखवायचा, हा छोटा परिणाम. मोठा परिणाम असा की त्याच नळीतून डंप व्हॉल्व्हच्या डोक्यावर येणारा दाबही कमी व्हायचा. स्प्रिंग आवाज लवकर यावा म्हणून मुद्दाम सैल ठेवलेली, त्यामुळे खालचा दाब तिला उचलायचा आणि तयार झालेला बूस्ट भाराखालीच बाहेर. ज्या गाड्यांत एअरफ्लो मीटर असतो तिथे मोजलेली हवा अशी बाहेर गेली की मिश्रण दाट होतं, काळपट धूर येतो, आणि गळतीचा सुगावा लागतो. या इंजिनात हवेचा हिशेब दाबावरून होतो, म्हणून ती खूणही मिळाली नाही.

तरी लगेच नवा टी लावून गाडी दिली नाही. एकदा तोंडघशी पडलो होतो. आधी मीटरची फांदी पूर्ण काढून मॅनिफोल्ड ते डंप व्हॉल्व्ह अखंड चांगली नळी टाकली, बाकी कशालाही हात लावला नाही, गाडी तापवली, त्याच चढाला गेलो. दाब १८९० वर गेला आणि तिथेच राहिला, ड्यूटी ६० च्या घरात. खाली येऊन तोच जुना टी आणि तीच पिवळी नळी परत लावली. पुन्हा चढ. दाब पुन्हा १५५० वर. दोष काढला की जातो आणि परत लावला की येतो, हे दोन्ही दिसलं तेव्हाच मी मालकाला बोलावलं. या दोन फेऱ्यांना एक सकाळ आणि दोन-तीन लिटर पेट्रोल गेलं. ते पैसे मी मालकाकडून घेतले नाहीत, कारण पहिली चुकीची फेरी माझी होती.

नाना पेठेतून पितळी टी, सिलिकॉनची व्हॅक्यूम नळी आणि छोट्या स्प्रिंग क्लिप आणल्या, मिळून ₹५०० च्या आत. मीटरसाठी मॅनिफोल्डवर वेगळी जागा घेतली. डंप व्हॉल्व्हच्या नळीतून आता काहीही फुटत नाही. सगळी नळी उष्णतेपासून दूर वळवून बांधली.

एक मुद्दा उरला, आणि त्यावर आमची बरीच बोलाचाली झाली. मी म्हटलं, हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह काढ, मूळचा लाव. मूळ व्हॉल्व्ह हवा परत टर्बोच्या तोंडाकडे पाठवतो, त्याची स्प्रिंग कारखान्यात मोजून बसवलेली असते. त्याला आवाज हवा होता. मी त्याला स्प्रिंगचं गणित कागदावर काढून दाखवलं, आणि हेही सांगितलं की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतले तपशील विसंगत होतील असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, अपघात झाला तर विमा कंपनी याच गोष्टी आधी पाहते. मूळ व्हॉल्व्ह त्याच्या माळ्यावर एका डब्यात होता. दुसऱ्या दिवशी तो आईच्या हाताने गुंडाळलेल्या कापडासकट घेऊन आला.

मूळ व्हॉल्व्ह लावून शेवटची फेरी केली, या वेळी संध्याकाळी, तोच हिंजवडीहून कोंडीतून गाडी घेऊन आला आणि मी चांदणी चौकाच्या चढाआधी स्टिअरिंगवर बसलो. इंजिन पूर्ण तापलेलं. तिसरा गिअर, २००० पासून. मीटर ०.९४ वर गेला आणि हलला नाही, लॅपटॉपवर १८९१. तो शेजारी गप्प बसून मीटरकडेच पाहत होता. चढ संपल्यावर म्हणाला, "काका, हा आधीपेक्षा जास्त ओढतोय."

जास्त नाही, तेवढाच ओढत होता. दीड महिन्यात मालक ते विसरला होता. जुना टी आणि ती पिवळी नळी मी एका पिशवीत घालून गॅरेजच्या फळीवर टांगली आहे. टर्बोची तक्रार घेऊन कोणी आलं की कामाला लागण्याआधी पोरगा ती खाली काढून टेबलावर ठेवतो, आणि आम्ही गाडी आधी चाळीस मिनिटं चालवून आणतो.